खारपाण पट्ट्यात घर घ्यायचंय: तीन जागा समोर आहेत, मोहल्ला कसा पारखावा?

गावखरी:
नमस्कार. आम्ही दोघंही जिल्हा परिषद शाळेत शिक्षक, राहतो दर्यापूर तालुक्यात. आजवर भाड्यानं राहिलो, आता स्वतःचं घर घ्यायचं ठरलंय. सोबत सासूबाई आहेत, त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे. मुलगी आठवीत. म्हणजे पुढची बरीच वर्षं इथंच जाणार.

स्लॅब किती इंची टाकावा, ओटा कुठल्या दिशेला असावा, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. आजूबाजू कशी पाहावी हे कुणी सांगत नाही. भिंत पाडून परत बांधता येते, फरशी बदलता येते. पाणी, उतार, रस्ता आणि शेजार मात्र जसा मिळाला तसा घ्यावा लागतो. म्हणून घराबद्दल नको, जागेबद्दल सांगा.

पहिली जागा गावठाणातली. कवेलूचं जुनं घर, सागवानी लाकूड, मोठं आंगण, दारात कडुनिंब. नळ आहे, शाळा जवळ, शेजारपाजार ओळखीचा. पण गल्लीत चारचाकी शिरत नाही.

दुसरी तालुक्याच्या गावाबाहेर, डांबरी रस्त्याच्या आत नवा ले-आऊट पडलाय तिथला प्लॉट. पाटीवर "एन.ए.टी.पी. मंजूर" लिहिलंय. अजून दोन-चारच घरं झालीत. बोअर आहे, नळ येणार म्हणतात.

तिसरी नाल्याच्या अंगाला तयार घर. टाइल्स, पीओपी, सगळं चकाचक, आणि भाव आश्चर्य वाटावं इतका कमी. बांधून झाल्यापासून रिकामंच आहे. ह्यांना हेच आवडलंय.

तुम्ही काय काय पाहिलं असतं?

बरडीवरचा:
ताई, मी मिस्त्रीकाम करतो. सगळ्यात पयले पानी पाहा. आपला पट्टा खारपानाचा. पूर्णेच्या दोन्ही अंगानं अकोला, अमरावती, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरेल आहे. बोअर मारला का पानी लागते, पन तोंडात धरवत नाई. तुरीची डाय शिजत नाई, साबनाले फेस येत नाई, कूलरच्या पंपावर पांढरा थर बसते. प्लॉट इकनारा म्हनते "बोअर आहे". बोअर आहे हे खरं, पानी कसं आहे ते तो सांगत नाई. बाटलीत भरून घरी आना, त्याच पान्यात डाय शिजवून पाहा.

दुसरं, त्या तयार घराले बांधकामाले पानी कोनतं वापरलं ते इचारा. खाऱ्या पान्यात कालवलेल्या सिमेंटचं काम चार-दोन वर्सं बरं दिसते. मंग भिंतीले खालून लोना लागते, पोपडे पडतात, आतलं लोखंड गंजते. पीओपीच्या मांगं काय आहे ते दिसत नाई. मी तं म्हनतो भिंतीचा जमिनीपासचा हातभर भाग नीट पाहा. तिथं नवा रंग मारेल असन तं काहून मारला ते इचारा.

तिसरं माती. काळी माती उन्हायात फाटते, पावसायात फुगते, आन् तिच्यासंगं पायवा वर-खाली होते. बरडीवर हातभर खोदलं का मुरूम लागते, तिथं साध्या पायव्यावर घर उभं राह्यते. पूर्णेच्या खोऱ्यात काळी माती लय खोल जाते, तिथं माती काढून मुरूम भरा लागते नाई तं अंडर-रीम पाइल, म्हंजे बुडाशी फुगीर असलेले खोल खांब, घ्या लागते. प्लॉट स्वस्त भेटला आन् पायव्यात पैसा गेला तं काय स्वस्त! ले-आऊटमधी जे घर झालं आहे त्याच्या मालकाले भेटा. खड्डा किती खोल गेला होता, हे तो सांगन.

फेरफार:
महसूल खात्यातून निवृत्त झालो आहे. तिन्ही जागांचे कागद वेगवेगळ्या जातीचे आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. तुम्हाला ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवतील. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा म्हणून एकटा पुरत नाही. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांचं ड्रोननं सर्वेक्षण झालं आणि गावोगावी मिळकत पत्रिका व सनद देणं सुरू झालं. तुमच्या गावचं काम झालं असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून त्या घराची मिळकत पत्रिका काढा. तिच्यावर किती नावं आहेत ते बघा. जुन्या घरांवर आजोबांचं नाव असतं आणि वारस पुणे-नागपूरला विखुरलेले असतात. बहिणींच्या सह्या राहिलेल्या असतात. एक सही राहिली तरी रजिस्ट्री करू नका.

ले-आऊटच्या पाटीवर काहीही लिहिता येतं. एन.ए. म्हणजे अकृषिक आदेश, टी.पी. म्हणजे नगर रचना विभागानं मंजूर केलेला नकाशा. दोन्हींचा क्रमांक आणि तारीख मागा, झेरॉक्स घ्या आणि ज्या कार्यालयाचा शिक्का आहे तिथं जाऊन पडताळा. मग मंजूर नकाशा हातात धरून जागेवर उभे राहा. नकाशात जो रस्ता नऊ मीटरचा आहे तो जागेवर किती आहे? खुली जागा कुठं आहे? दहा टक्के खुली जागा सोडलेली असते, आणि पुढं तिथंच कुणीतरी प्लॉट पाडून विकतो. ले-आऊटची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि प्लॉट आठपेक्षा जास्त असतील तर महारेरा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाकडं, नोंदणी लागते, ती ऑनलाइन बघता येते.

सर्वांत जास्त फसगत पोचरस्त्यात होते. डांबरी सडकेपासून ले-आऊटपर्यंतचा तुकडा कुणाच्या मालकीचा आहे? पुष्कळदा तो पांदण, म्हणजे शेतात जायचा रस्ता, असतो, किंवा शेजारच्या शेतातली तोंडी वहिवाट. शेतमालकानं उद्या तारेचं कुंपण घातलं की वरचा सगळा ले-आऊट अडकतो. गाव नकाशावर पांदण दाखवली आहे का ते बघा.

सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग २" असेल, भूदानाची नोंद असेल, तर परवानगीशिवाय पुढं सरकू नका. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला घेताना महसूल संहितेचं कलम ३६ आणि ३६-अ आडवं येतं. आणि आपल्या विदर्भात ई-क्लास जमीन, म्हणजे सरकारी गायरान, फार आहे. ले-आऊटच्या कडेला ई-क्लास असेल तर आज मोकळं मैदान दिसतं, उद्या तिथं काय होईल ते शासन ठरवतं. मुलांना खेळायला जागा आहे असं समजून घर घेऊ नका.

नाल्याकाठच्या घराबद्दल वेगळं लिहीन.

प्लॉट-७७:
फेरफार काकांचं बरोबर आहे, पण ह्यानं माणूस घाबरून कधीच घर घेणार नाही. गावठाणातलं घर घेतलं तर उद्या विकायचं कुणाला? बँक कर्ज देताना नाक मुरडते. मुलगी शिकून बाहेर जाईल, तुम्ही निवृत्त व्हाल, तेव्हा पैसा मोकळा करायचा असेल तर ले-आऊटचा प्लॉटच कामाला येतो. तालुक्याचं गाव त्याच दिशेला वाढतंय. पाच-सात वर्षांत तिथं दुकानं, दवाखाने सगळं होतं. थोडी कळ काढावी लागते.

गावखरी:
प्लॉट-७७, मुद्दा पटतो. पण ती पाच-सात वर्षं म्हणजे मुलीची आठवी ते बारावी आणि सासूबाईंची चालती-फिरती वर्षं. ती अंधाऱ्या रस्त्यावर नि टँकरवर काढायची का, हाच माझा प्रश्न आहे.

आरोग्यसेविका:
ताई, मी उपकेंद्रात काम करते, रोज घरोघरी फिरते. मी मोहल्ला वेगळ्या डोळ्यांनी बघते.

पहिली गोष्ट, रात्री १०८ ला फोन केला तर गाडी दारापर्यंत येईल का? तुमच्या गावठाणातल्या गल्लीत येणार नसेल तर स्ट्रेचर किती लांब न्यावं लागेल ते पायांनी चालून बघा. अगदी वाईट रस्त्यानं, पावसात. बाळंतपणाच्या बाईला खाटेवर घालून मुख्य रस्त्यापर्यंत आणलेलं मी बघितलंय. सासूबाईंच्या वयात रात्रीबेरात्रीची वेळ येणारच.

दुसरी, पाणी तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना देता येतो. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात, असं भारतीय मानक आहे. आपल्याकडच्या बोअरचा आकडा पाहिल्यावर तुम्हाला कळेल मी का सांगते. मूतखडा आणि किडनीच्या तक्रारी या पट्ट्यात किती ऐकू येतात ते तुम्हाला माहीत आहे. आर.ओ.चे कॅन विकत घेऊ म्हणाल, पण कॅन पिण्यापुरता. स्वयंपाक, आंघोळ, कपडे, उन्हाळ्यात कूलर, हे सगळं कॅनवर होत नाही.

तिसरी गोष्ट पुरुष मंडळी विचारत नाहीत म्हणून लिहिते. संध्याकाळी सातला मुलगी शिकवणीहून एकटी चालत येऊ शकेल का? खांबावर दिवे आहेत का, आणि असले तर लागतात का? वाटेत देशी दारूचं दुकान आहे का? दळणाची चक्की, किराणा, भाजी पायी जाऊन आणता येते का? ज्या मोहल्ल्यात बाया संध्याकाळी ओट्यावर बसून बोलताना दिसतात तो मोहल्ला मला सुरक्षित वाटतो. तुम्हीच जाऊन बघा, एजंटला सोबत नेऊ नका.

बरडीवरचा:
आरोग्यसेविका ताईनं बरोबर सांगतलं. लाइटीचं मी सांगतो. ले-आऊट शेतातून पाडेल आहे, तं लाइन कोनत्या फीडरवरून आली ते इचारा. गावठान फीडर वेगया असते आन् शेतीपंपाचा फीडर वेगया. शेतीच्या फीडरवर लाइट पाळीनं येते, कवा दिवसा तं कवा राती. मे महिन्यात ४५ च्या वर पारा गेला आन् राती लाइट नसली तं म्हाताऱ्या मानसाचे हाल होतात. डीपी, म्हंजे ट्रान्सफॉर्मर, किती घरांवर आहे तेबी पाहा. चार घरांवर ठीक चालते, चाळीस घरं झाले का जळते.

आन् दुपारी जाऊन पाहा. पश्चिमेकडं मोकयं शेत असन आन् भिंत तिकडं असन तं घराची भट्टी होते. गावठानातल्या त्या घरासमोरचा निंब म्या सांगतो सोडू नका. तेवढा निंब मोठा व्हायले जलम जाते.

वर्धाकाठ:
नाल्याच्या घराबद्दल मला राहवत नाही म्हणून लिहितो. मी नरखेड तालुक्यातला. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीनं मोवाड बुडवलं. दोनशेच्या वर माणसं गेली. आमच्याकडं आजही जुनी माणसं पाऊस लांबला की रात्री उठून नदीकडं बघतात. नाला मोठा नाही, वर्षभर कोरडा असतो, असं प्लॉट विकणारे सांगतात. २०२३ च्या जुलैत यवतमाळच्या महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्यावरचे लोक पुरात अडकले, त्यांच्यासाठी वायुसेनेची हेलिकॉप्टर मागवावी लागली. कोरडा नाला हा काही पुरावा नाही, ताई. त्या नाल्याच्या वर किती शिवाराचं पाणी उतरतं ते महत्त्वाचं.

शेजारच्या जुन्या घरी जाऊन भिंतीवर पाण्याची खूण कुठवर आहे ते विचारा. म्हातारी माणसं बोट ठेवून दाखवतात.

फेरफार:
वर्धाकाठ यांच्या म्हणण्याला कागदाची जोड देतो. पाटबंधारे खातं नद्यांच्या पूररेषा आखतं. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर बांधायला परवानगी मिळत नाही. लहान नाल्यांची अशी आखणी बहुतेक ठिकाणी झालेली नसते, आणि नेमक्या तिथंच घरं पडतात.

म्हणून जुना गाव नकाशा काढा. त्यात नाल्याची मूळ रुंदी दिसते. आज जागेवर नाला सरळ आणि अरुंद दिसत असेल, नकाशात वळणाचा आणि रुंद असेल, तर कुणीतरी भराव टाकून तो वळवला आहे. ते तयार घर त्या भरावावर आहे का, हे मोजणीत कळेल. बांधून रिकामं आहे आणि भाव कमी आहे, एवढ्यावरून मी तर आधी हेच बघितलं असतं.

वणीकर:
तुमच्याकडं खाण नाही, पण धागा बाकीचेही वाचतात म्हणून लिहितो. वणी, भद्रावती, घुग्घुस भागात घर घेत असाल तर कोळसा क्षेत्र अधिग्रहणाच्या १९५७ च्या कायद्याखाली गावाचं नाव अधिसूचनेत आलंय का ते आधी बघा. कलम ४ ची अधिसूचना निघाली की गाव लगेच उठत नाही. वर्षानुवर्षं तसंच लोंबकळत राहतं, कुणी नवं बांधत नाही, कुणी विकत घेत नाही. आणि गाव अधिसूचनेत नसलं तरी खुल्या खाणीच्या सुरुंगानं भिंतींना तडे जातात, कोळशाच्या ट्रकांची धूळ वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. दुपारच्या स्फोटाच्या वेळी त्या घरात जाऊन बसा. भांडी वाजली तर समजा. झरी, पांढरकवडा भागात पाण्यात फ्लोराइड आहे. १.५ मिलिग्रॅमच्या वर आकडा असेल तर ते पाणी लहान मुलांना देऊ नका, दात आणि हाडं दोन्ही जातात.

झाडीपट्टी:
आमच्या सिंदेवाही, ब्रह्मपुरी पट्ट्यात पहिला प्रश्न जंगलाचा. ले-आऊट आणि जंगल यांच्यामधी काय आहे? नुसती झुडपं असतील तर वाघ-बिबट्या अंगणापर्यंत येतो, ही आमच्याकडची रोजची बातमी. गावाच्या मधल्या भागात घर आणि कडेला शेत, ही जुनी रचना उगीच नव्हती. दुसरं मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव. मालगुजारांच्या काळातले हे तलाव, पुष्कळ गाळानं भरले. उन्हाळ्यात तलावाचा काठ सपाट मैदान दिसतो आणि तिथं चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडतात. भरपूर पाऊस झाला की तलाव आपली जागा परत घेतो.

कारंजाकर:
रस्त्यावरून पण लोक फार भुलतात. समृद्धी झाल्यापासून आमच्याकडं प्रत्येक प्लॉट "समृद्धीजवळ" आहे. ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्यावर कुठूनही चढता येत नाही, फक्त इंटरचेंजवरून. घराच्या मागून महामार्ग गेला म्हणजे आवाज मिळतो, गाडी लागत नाही. उलट गावातून शेताकडं जायला अंडरपास, आणि त्यात पावसात पाणी साचतं का ते बघावं. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेचंही तसंच. वर्धा ते कळंब गाडी २०२४ मध्ये सुरू झाली, पण "स्टेशन येणार" म्हणून प्लॉट विकणं त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. जे आज जमिनीवर आहे त्याचाच भाव द्या. येणार आहे त्याचे पैसे देऊ नका.

राऊत_मास्तर:
मी थोडं जुन्या वळणाचं सांगतो. कागद, पाणी सगळं बघा, पण शेवटी आपल्या लोकांत घर घ्यावं. अडीनडीला आपलेच धावतात. लग्नकार्य, मरण-तोरण, सगळ्याला आपला समाज जवळ असलेला बरा.

उजेड:
मास्तर, तुमच्या म्हणण्यात आपुलकी आहे हे मी जाणतो. तरी मला बोललं पाहिजे. मी बौद्ध आहे, बँकेत नोकरी करतो. एका तालुक्याच्या गावी प्लॉट पसंत केला, भाव ठरला, इसार द्यायला गेलो. आडनाव ऐकल्यावर तो प्लॉट अचानक "आधीच विकला गेलेला" निघाला. नंतर वर्षभर त्याच प्लॉटवर "विकणे आहे"ची पाटी होती. कायद्यापुढं सगळे सारखे आहेत, बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय, आणि तरीही घर घेताना हे सोसावं लागतं. "आपल्या लोकांत" हे वाक्य एका बाजूनं मायेचं असतं, दुसऱ्या बाजूच्या माणसाला तेच दार बंद करून सांगितलं जातं.

गावखरी ताई, मोहल्ला पारखायची माझी एक रीत आहे. नळाची पाइपलाइन, सिमेंटची नाली आणि रस्त्यावरचे दिवे गावात कुठल्या गल्लीपर्यंत आहेत आणि कुठून पुढं नाहीत, ते चालत जाऊन बघायचं. पुष्कळ गावांत ही रेघ बरोबर आमच्या वस्तीच्या तोंडाशी थांबते. ज्या गावात ती थांबत नाही, शेवटच्या घरापर्यंत पाणी जातं, तिथली ग्रामपंचायत सगळ्यांचं काम करते असं मी समजतो. असल्या गावात तुमचाही नळ वेळेवर जोडला जाईल. मी आता शिक्षक, कंडक्टर, दुकानदार, शेतमजूर असे सगळे मिसळून राहतात त्या मोहल्ल्यात घर घेतलंय. कोरोनात आमच्या घरी सगळे आजारी होते तेव्हा दारात डबा ठेवून जाणारी बाई आमच्या समाजाची नव्हती.

राऊत_मास्तर:
उजेड, तुम्हाला जे सोसावं लागलं ते वाईट झालं. ज्यानं केलं त्यानं पाप केलं. माझा हेतू तसा नव्हता, पण माझ्या वाक्याचा असाही उपयोग होतो हे खरं आहे. शेजारी धावणारा असावा, एवढंच मी म्हणतो आता. तो कोण, हे नाही म्हणत.

आरोग्यसेविका:
उजेड दादांची रेघ बघायची रीत अगदी खरी आहे. गॅस्ट्रोची साथ येते तेव्हा पहिला रुग्ण त्या रेघेच्या पलीकडचा असतो, कारण पाइप फुटलेला आणि नाली उघडी तिथंच असते. आठवड्यानं तीच साथ रेघेच्या अलीकडं येते.

जिनिंगशेजारी:
एक राहिलं. जागा दिवाळीच्या आत बघितली असेल तर दिवाळीनंतर परत बघा. कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंग रात्रंदिवस चालते, रुईचे तंतू हवेत असतात, कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यावर लागते. दमेकरी माणूस घरात असेल तर जिनिंग, वीटभट्टी, डाळ मिल यांच्या वाऱ्याच्या दिशेला घर नको. लग्नसराईत लॉनचा डीजे, आठवडी बाजाराच्या दिवशी दारातली गर्दी, हेही त्या त्या दिवशीच कळतं.

गावखरी:
तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत. ह्यांना सगळा धागा वाचून दाखवला. मग आम्ही जोरदार पाऊस पडून गेल्यावर तिन्ही जागा पुन्हा फिरलो, बरडीवरच्या भाऊंनी सांगितलं तसं एका ओळखीच्या मिस्त्रींना घेऊन.

नाल्याचं घर सोडलं. शेजारच्या आजींनी त्यांच्या भिंतीवर खूण दाखवली, कमरेच्या वर होती. त्या घराच्या मागची भिंत मिस्त्रींनी टोकरली, आत लोणा होता. ह्यांनीच म्हटलं, चला.

ले-आऊटचा अकृषिक आदेश खरा निघाला, नगर रचनेचा नकाशाही आहे. पण पोचरस्ता फेरफार काकांनी म्हटलं तसाच, शेजारच्या शेतातून, कागदावर नाही. आणि पाण्यानं डाळ शिजली नाही. प्लॉट-७७, भाव वाढेलही, पण आम्हाला राहायचं आहे.

गावठाणातल्या घराच्या मिळकत पत्रिकेवर सहा वारस आहेत. एक भाऊ सुरतला आहे आणि बोलत नाही. निंबासाठी जीव तुटला, पण गल्लीचा प्रश्न तसाच राहतो.

ह्या फिरण्यात एक चौथी जागा सापडली. तालुक्याच्या गावातच, जुन्या शाळेच्या मागचा मोहल्ला. घर लहान आहे, दोन खोल्या आणि मागं मोकळी जागा. शहानूर धरणाच्या पाण्याची लाइन दारातून गेली आहे, दिवसाआड पाणी येतं असं चार घरांत वेगवेगळं विचारलं, चौघांनी तेच सांगितलं. रस्त्यावर दिवे आहेत. सरकारी रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर. मोहल्ल्यात सगळ्या समाजाचे लोक आहेत आणि संध्याकाळी बाया खरंच ओट्यावर बसलेल्या होत्या. मुलगी त्यांच्यातल्या एकीच्या मुलीला शाळेमुळं ओळखते. भाव आमच्या अंदाजापेक्षा वर आहे, म्हणून वरच्या खोल्या नंतर बांधू.

मालक इसार मागतो आहे. इसारचिठ्ठीत काय काय लिहून घ्यावं?

फेरफार:
चांगली जागा मिळाली. इसार चेकनं किंवा खात्यातून द्या, रोख देऊ नका. चिठ्ठी साध्या कागदावर नको, मुद्रांकावर करा आणि नोंदवून घ्या.

जागा नझूलची, म्हणजे सरकारनं पट्ट्यानं दिलेली, आहे का ते आधी बघा. विदर्भातल्या जुन्या गावांत शाळा-कचेरीजवळची पुष्कळ जागा नझूल पट्ट्याची असते. असेल तर पट्ट्याची मुदत आणि नूतनीकरण झालंय का हे आखीव पत्रिकेवर (मिळकत पत्रिकेचंच दुसरं नाव) दिसेल, आणि हस्तांतरणाची परवानगी मालकानं स्वतःच्या खर्चानं आणायची असं चिठ्ठीत लिहा.

चतुःसीमा चारही बाजूंच्या आजच्या धारकांच्या नावासह लिहा. "पूर्वेस रस्ता" एवढं लिहू नका, रस्त्याची रुंदी मोजून टाका. रजिस्ट्रीच्या आधी भूमी अभिलेखची मोजणी होईल, 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, मिळेल आणि क्षेत्र कमी भरलं तर किंमत त्या प्रमाणात कमी होईल, ही अट घाला. नळजोडणी आणि वीजमीटर कुणाच्या नावावर आहेत, थकबाकी कुणी भरायची, तेही. मागच्या मोकळ्या जागेतून शेजाऱ्यांचं सांडपाणी जातं का, हे त्या शेजाऱ्यांसमोरच विचारा आणि जात असेल तर नालीची जागा नकाशावर दाखवून घ्या.

मालकाच्या पत्नीची आणि सज्ञान मुलांची संमती म्हणून सही घ्या. वडिलोपार्जित असेल तर बहिणींचीही. घर तुमच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. तयार घराला ती मिळते, मोकळ्या प्लॉटला मिळत नाही.

यातली कुठलीही गोष्ट ठरल्या मुदतीत झाली नाही तर इसार पूर्ण परत, ही ओळ शेवटी. मालक या ओळीला नाही म्हणाला तर इथं येऊन सांगा, मग पुढं बोलू.

गावखरी:
लिहून घेतलं, काका. सोमवारी भूमी अभिलेखला जातोय, आधी आखीव पत्रिका काढतो.

बरडीवरचा:
ताई, मागच्या मोकया जागेत पावसायाच्या आत निंबाचं रोप लावा, पश्चिमेच्या अंगाले. भिंतीपासून पंधरा फूट तरी दूर, काळ्या मातीत मुळ्या पायव्याचं पानी ओढतात.